हसावें कीं दचकावें ?

एखादा चित्रपट पाहून बाहेर पडणाऱ्या दोन माणसांचीं मतें भिन्न असावीं, यांत नवल कांहींच नाहीं. एकाला जो विनोद वाटतो तो दुसऱ्याला चावटपणा वाटतो, आणि एकाला जें शौर्य दिसतें तेंच दुसऱ्याला दांडगाईचें प्रदर्शन दिसतें. नाटकगृहाच्या पायऱ्यांवरचा हा वाद किर्लोस्कर-देवलांच्या काळापासून आपल्या परिचयाचा आहे. परंतु कधीं कधीं असा एखादा चित्रपट निघतो, कीं त्याच्यासंबंधानें एकाच माणसाचीं दोन मतें होतात. तो हसलेला असतो, हें तो नाकबूल करीत नाहीं, मनाला कांहीं तरी टोंचलें, हेंहि तो नाकबूल करीत नाहीं, आणि "आवडला कां?" असें विचारलें म्हणजे तो क्षणभर घुटमळतो. हें घुटमळणें विचार करण्याजोगें आहे. कारण तेथें प्रश्न केवळ आवडीनिवडीचा राहत नाहीं, तो कृतीच्या रचनेचा होतो. श्रोतेहो, आज अशाच एका अमेरिकन चित्रपटाविषयीं, आणि तेथील प्रेक्षकांनीं त्याचें जें संमिश्र स्वागत केलें त्याच्या कारणांविषयीं, मी बोलणार आहें.

ह्या चित्रपटाचें नांव 'अमेरिकन अल्ट्रा'. तो २१ ऑगस्ट २०१५ रोजीं अमेरिकेंत प्रदर्शित झाला. दिग्दर्शक निमा नूरीझादे, कथालेखक मॅक्स लँडिस, आणि प्रमुख भूमिका जेसी आयझेनबर्ग व क्रिस्टन स्ट्यूअर्ट यांच्या. ही जोडी त्यापूर्वीं २००९ सालच्या 'ॲडव्हेंचरलँड' ह्या चित्रपटांत एकत्र दिसली होती, आणि ती पुन्हा जुळली हेंच अनेकांच्या कुतूहलाचें एक कारण होतें. चित्रपटाची जात मात्र आपल्याकडील कुटुंबांना चटकन् ओळखतां येण्यासारखी नाहीं. गांजा ओढणाऱ्या आळशी तरुणाची मौज आणि बंदूक-सुऱ्यांची मारधाड यांची ती मिसळ आहे. म्हणून अगोदर त्या जातीचें कुळ थोडें सांगितलें पाहिजे.

अमेरिकन पडद्यावर गांजा प्रथम आला तो भीति घालण्यासाठीं. १९३६ सालीं 'टेल युवर चिल्ड्रेन' ह्या नांवानें एक बोधपट निघाला. पुढें तो 'रीफर मॅडनेस' ह्या नांवानें प्रसिद्ध झाला. चार झुरके घेतांच सुशील मुलें खून करतात, वेडीं होतात, असें त्यांत मोठ्या गांभीर्यानें दाखविलें आहे. पुढच्याच वर्षीं, १९३७ सालीं, तेथें गांजावर जबर करांचा कायदा झाला. प्रतिष्ठित चित्रसंस्थांना तर हा विषय वर्ज्यच होता. १९३० सालीं तयार झालेल्या आणि १९३४ पासून कडकपणें अंमलांत आलेल्या त्यांच्या आचारसंहितेनें मादक पदार्थांचा व्यापार पडद्यावर दाखविण्यास मनाई केली होती. ती मनाई १९५६ सालीं सैल झाली, आणि १९६८ सालीं संहिताच जाऊन तिच्या जागीं वयोमानाप्रमाणें प्रतवारी लावण्याची पद्धत आली. मग एक गंमत झाली. १९७० नंतरच्या दशकांत कॉलेजांतील तरुणांनीं तोच १९३६ चा बोधपट पुन्हा पाहण्यास आरंभ केला, आणि ज्या प्रसंगांनीं त्यांच्या आजोबांनीं दचकावें अशी अपेक्षा होती त्या प्रसंगांना ते पोट धरधरून हसूं लागले. भय आणि हास्य यांच्यामधील भिंत किती पातळ असते, याचें याहून चांगलें उदाहरण मला ठाऊक नाहीं.

१९७८ सालीं चीच मरीन व टॉमी चाँग ह्या विनोदी जोडीचा 'अप इन स्मोक' निघाला, आणि गांजेकस हा विदूषकाच्या वंशांतला एक रीतसर पुरुष म्हणून मान्य झाला. १९९८ सालच्या कोएन बंधूंच्या 'द बिग लेबोव्स्की' ला प्रथम थंडें स्वागत मिळालें, पण पुढें त्याचे भक्त इतके वाढले, कीं त्याच्या नांवानें मेळे भरूं लागले. ह्या सर्वांतील नायकाचा स्वभाव एकच. त्याला घाई नसते. जग धांवत असतें आणि तो सोफ्यावर बसलेला असतो. जगाची गति आणि त्याची गति यांतील अंतर हेंच हास्याचें भांडवल.

हें आपल्याला सर्वस्वीं परकें आहे असें समजण्याचें कारण नाहीं. होळीला किंवा महाशिवरात्रीला भांग चढलेल्या गृहस्थाच्या गोष्टी सोंवळ्यांतल्या आजीबाईहि खुदखुदत सांगत असत. सरकारनेंहि ह्या विषयाकडे एकाच दृष्टीनें पाहिलेलें नाहीं. १८९३-९४ सालीं हिंदुस्थान सरकारच्या चौकशीमंडळानें भांग, गांजा व चरस यांचा तपास करून माफक सेवनाला फारसा दोष दिला नव्हता. उलट १९८५ च्या कायद्यानें गांजा व चरस हे गुन्ह्याच्या कक्षेंत आणले, पण भांगेचीं नुसतीं पानें त्या व्याख्येबाहेर ठेवलीं. हिंदी पडद्यावरहि २०१३ सालीं 'गो गोवा गॉन' हा चित्रपट येऊन गेला. त्यांतील नशेबाज मित्र गोव्याच्या किनाऱ्याजवळील एका बेटावर मौज करावयास जातात, आणि तेथें त्यांची गांठ जिवंत झालेल्या मुडद्यांशीं पडते ! तेव्हां मिसळ आमच्याकडेहि शिजते. मसाला थोडा निराळा इतकेंच.

आतां 'अमेरिकन अल्ट्रा' ची कथा. वेस्ट व्हर्जिनिया प्रांतांतील एका लहानशा गांवांत माइक हॉवेल नांवाचा तरुण एका दुकानांत रात्रपाळीला काम करतो. गांजा ओढावा, अंतराळवीर माकडाचीं चित्रें काढून त्याच्या साहसकथा रचाव्या, आणि फीबी ह्या आपल्या सखीबरोबर राहावें, एवढेंच त्याचें विश्व. फीबीला हवाई बेटांवर नेऊन तेथें लग्नाची मागणी घालावी, असा त्याचा बेत आहे. पण गांव सोडण्याची वेळ आली कीं त्याला भयाची उबळ येते, छाती धडधडते, ओकारी होते, आणि विमान निघून जातें. आपल्या नाकर्तेपणामुळें ह्या मुलीचा जन्म फुकट चालला आहे, ही खंत त्याला आंतून पोखरीत असते.

खरी गोष्ट त्याला ठाऊक नाहीं. सी. आय. ए. ह्या अमेरिकन हेरखात्यानें एका गुप्त प्रयोगांत त्याला मारेकरी म्हणून तयार केलें आहे, आणि नंतर त्याची स्मृति पुसून त्याला ह्या गांवांत सोडून दिलें आहे. गांव सोडतांना होणारी ती धडधडसुद्धां त्याच्या अंगांत मुद्दाम पेरलेली. पुढें खात्यांतील एक उथळ वरिष्ठ अधिकारी हा 'माल' आतां नष्ट करावा असें ठरवितो. ज्या बाईनें माइकला घडविलें तिला हें पाहवत नाहीं. ती दुकानांत येऊन त्याच्यासमोर कांहीं सांकेतिक वाक्यें उच्चारते, आणि निघून जाते. माइकला अर्थबोध होत नाहीं. थोड्या वेळानें आपल्या मोटारीशीं खटपट करणारे दोघे जण त्याला दिसतात. त्याच्या हातांत एक चमचा आणि कढत शेवयांचा कागदी पेला, एवढींच आयुधें. पण ते दोघे अंगावर येतांच तो त्या आयुधांनीं त्यांना ठार करतो; आणि मग स्वतःच घाबरून फीबीला फोन करतो.

येथपर्यंत सारें प्रेक्षागृह एकमतानें चित्रपटाच्या बाजूनें असावें, असें मानावयास हरकत नाहीं. मतभेद सुरू होतो तो यापुढें. गांवाची नाकेबंदी होते. मारेकऱ्यांमागून मारेकरी येतात. फीबी ही मूळची हेरखात्याचीच माणूस, त्याच्यावर देखरेख ठेवण्यासाठीं नेमलेली, आणि नोकरी सोडून केवळ प्रेमाखातर त्याच्याजवळ राहिलेली, हें उघड होतें. शेवटीं एका मोठ्या दुकानांत, मांडणीवरील घरगुती सामानाचीं हत्यारें करून, माइक एकटा अनेकांचा संहार करतो. रक्त पुष्कळ सांडतें. चित्रपटाला प्रौढांपुरती प्रत मिळाली ती उगीच नव्हे.

लोकांनीं काय केलें, तें पाहूं. पहिल्या आठवड्याच्या अखेरीस अमेरिकेंतील उत्पन्नाच्या यादींत हा चित्रपट सहावा आला. तीन दिवसांची मिळकत सुमारे ५५ लक्ष डॉलर. आणि त्या देशांतील त्याची एकूण मिळकत दीड कोटी डॉलरांच्या आंतच थांबली. वृत्तपत्रीय परीक्षकांपैकीं अनुकूल मत देणारे निम्म्याहून कमी भरले. तथापि जे प्रतिकूल होते त्यांनींहि आयझेनबर्ग व स्ट्यूअर्ट यांच्या जोडीची बहुधा स्तुतीच केली, आणि जे अनुकूल होते त्यांपैकीं कित्येकांनीं मारधाडीच्या अतिरेकाबद्दल नापसंति दाखविली. म्हणजे दोन्ही पक्षांचें म्हणणें जवळ जवळ एकच होतें. भर मात्र निरनिराळ्या ठिकाणीं होता.

सामान्य प्रेक्षकांचें मत मोजण्याची तिकडे एक निराळी व्यवस्था आहे, ती येथें सांगण्यासारखी आहे. 'सिनेमास्कोअर' नांवाची एक संस्था १९७९ पासून हें काम करते. चित्रपट लागला त्याच रात्रीं तिचे लोक निवडक शहरांतील चित्रगृहांत उभे राहतात, बाहेर पडणाऱ्यांच्या हातीं लहानसें कार्ड देतात, आणि शाळेंत गुण द्यावे त्याप्रमाणें 'ए' पासून 'एफ' पर्यंतची श्रेणी मागून घेतात. वरवर पाहतां 'बी' ही श्रेणी आपल्याला चांगली वाटेल. पण ह्या परीक्षेंत तसें नसतें. पहिल्याच रात्रीं पैसे खर्चून येणारा मनुष्य तो चित्रपट आवडून घेण्याच्या तयारीनेंच आलेला असतो. त्याच्या हातून सढळ गुण मिळतात. म्हणून 'अमेरिकन अल्ट्रा' ला जी 'बी-वजा' श्रेणी मिळाली ती निराशेचीच समजली जाते. माझ्या मतें ही संस्था चित्रपटाचा दर्जा मोजीतच नाहीं. जाहिरातीनें दिलेलें वचन आणि घरीं जातांना पदरीं पडलेला माल, यांतील तफावत ती मोजते. जाहिरातींनीं ह्या चित्रपटाची धांदलीची, हंसवणारी बाजू पुढें केली होती. जो हंसावयास आला त्याला इतकें रक्त अपेक्षित नव्हतें, आणि जो मारामारी पाहावयास आला त्याला मध्येंच दोन प्रेमी जीवांचीं हळुवार संभाषणें ऐकत बसावें लागलें.

अपयशाची बातमी येतांच लेखक लँडिस यांनीं जाहीर तक्रार केली. आपल्याहून वाईट परीक्षणें मिळालेले चित्रपट, केवळ जुन्या नांवांच्या आणि मालिकांच्या पुण्याईवर, आपल्या पुढें गेले. तेव्हां नव्या कल्पनेला आतां जागाच उरली नाहीं काय, असा त्यांच्या म्हणण्याचा भावार्थ होता. ह्या तक्रारींत तथ्य मुळींच नाहीं असें म्हणतां येणार नाहीं. त्या आठवड्यांत त्याच्यापुढें असलेल्या पांच चित्रपटांपैकीं चार हे पूर्वींच्या चित्रपटांचे, दूरदर्शन-मालिकांचे किंवा खेळांचे वंशज होते, हें खरेंच आहे. परंतु स्मृति गेलेला मारेकरी ही कल्पना तरी अगदीं नवी कोठें होती ? आणि नवेपणा हा गुण असला, तरी तो कांहीं तिकिटाच्या पैशांची पावती नव्हे. प्रेक्षकाला कृतघ्न ठरविण्यापूर्वीं, तो कोठें अडखळला तें लेखकानें पाहावयास हवें होतें.

तो कोठें अडखळला, याचें उत्तर देतांना मला आपल्या जुन्या रसशास्त्राचें साहाय्य घ्यावेंसें वाटतें. हॉलिवुडच्या गांजेकसाला भरतमुनीच्या न्यायासनासमोर उभें करणें कोणाला विक्षिप्तपणाचें वाटेल. पण मनुष्याचें मन सर्वत्र सारखेंच हंसतें आणि सारखेंच भितें. नाट्यशास्त्रांत असें सांगितलें आहे, कीं शृंगारापासून हास्य उत्पन्न होतें आणि वीरापासून अद्भुत. आतां पाहा : माइक आणि फीबी यांच्या संसारांतील गंमत, त्याच्या बावळट काळज्या, तिची सोशिक थट्टा, हें शृंगारांतून निघालेलें हास्य आहे, आणि तें सर्वांना आवडलें. चमच्याचा प्रसंग हा वीरांतून निघालेला अद्भुत आहे. तोहि सर्वांना आवडला. ह्या दोन्ही जोड्या नैसर्गिक आहेत. परंतु साहित्यदर्पणकार विश्वनाथ स्पष्ट सांगतो, कीं हास्याचा विरोध भयानकाशीं व करुणाशीं आहे. हास्यासाठीं मन सैल व्हावें लागतें आणि भयांत तें आक्रसतें. एकाच क्षणीं मूठ उघडावी आणि मिटावी असें कोणाला सांगितलें, तर तो गोंधळणारच. दुकानांतील त्या अखेरच्या संहाराच्या वेळीं प्रेक्षकाची स्थिति अशीच होते.

तर मग विरोधी रस एकत्र आणूंच नयेत काय ? तसें शास्त्र म्हणत नाहीं. आनंदवर्धनानें ध्वन्यालोकांत यावर तोड सांगितली आहे. दोन विरोधी रसांच्या मध्यें तिसरा, दोहोंशीं मिळतेंजुळतें घेणारा रस घालावा, म्हणजे विरोध मावळतो. 'नागानंद' नाटकांत जीमूतवाहनाच्या शांत वृत्तीनंतर एकदम शृंगार न आणतां मध्यें अद्भुत घातला आहे, असें उदाहरणहि त्यानें दिलें आहे. रेल्वेंत दोन डबे एकमेकांवर आदळूं नयेत म्हणून मध्यें जो स्प्रिंगचा बंपर असतो, तसें हें काम आहे. 'अमेरिकन अल्ट्रा' मध्यें पूर्वार्धांत हा बंपर आहे. उत्तरार्धांत तो सांपडत नाहीं.

याच्याशीं २००८ सालच्या 'पाइनॅपल एक्सप्रेस' ची तुलना करून पाहावी. तोहि गांजेकसांचा मारधाडपट. दिग्दर्शक डेव्हिड गॉर्डन ग्रीन. सेथ रोगन व जेम्स फ्रँको हे नायक. एक जण खून पाहतो, गांजाचें थोटूक तेथेंच टाकून पळतो, आणि तो वाण इतका दुर्मिळ कीं त्यावरून त्याचा माग लागतो. त्यांतहि माणसें मरतात, शेवटीं धडाक्यानें गोळीबार होतो. रक्तपाताबद्दल कुरकूर तेव्हांहि झाली. तथापि त्या चित्रपटानें जगभर १० कोटी डॉलरांहून अधिक कमाई केली. फरक कशांत ? माझ्या मतें फरक असा, कीं तेथील नायक शेवटपर्यंत भित्रे आणि धांदरटच राहतात. ते लढतात तें पडत, झडत, ओरडत. जिंकतात तें बहुधा नशिबानें. त्यामुळें मारामारीच्या ऐन मध्यांतहि विदूषक विदूषकच असतो, आणि आपलें हास्य त्याच्या आश्रयानें टिकून राहतें. माइकचें तसें नाहीं. हात उचलतांच तो अजिंक्य होतो. त्या क्षणीं गांजेकस नाहींसा होऊन यंत्र उभें राहतें, आणि यंत्राला कोण हंसणार ? लेखकानें ही अडचण ओळखलेली दिसते, कारण प्रत्येक हाणामारीनंतर तो माइकला पुन्हा बावरलेला दाखवितो. पण तोंवर प्रेक्षक एकदां आक्रसलेला असतो. वर्गांत एकदां शिक्षकानें छडी उगारली, कीं मग त्यानें कितीहि गमतीची गोष्ट सांगितली, तरी मुलें तोंडदेखलें हंसतात, तशांतला हा प्रकार.

तथापि एवढ्यानें सर्व उलगडा होत नाहीं. ह्या चित्रपटाच्या तळाशीं एक खरी आणि काळी गोष्ट आहे, आणि तिची सांवली पडद्यावर पडल्यावांचून राहत नाहीं. चित्रपटाच्या नांवांतील 'अल्ट्रा' हा शब्द 'एम. के. अल्ट्रा' ह्या वास्तव कारस्थानावरून घेतलेला आहे. शीतयुद्धाच्या काळांत, १३ एप्रिल १९५३ रोजीं, सी. आय. ए. चे प्रमुख ॲलन डलेस यांनीं त्याला मंजुरी दिली. तें चालविणारे गृहस्थ सिडनी गॉटलीब नांवाचे रसायनशास्त्रज्ञ. मनुष्याच्या मनावर औषधांनीं, संमोहनानें वा अन्य उपायांनीं ताबा मिळवितां येतो काय, हें पाहण्यासाठीं विश्वविद्यालयांत, इस्पितळांत आणि तुरुंगांत शेंकडों प्रयोग झाले. कित्येक माणसांना त्यांच्या नकळत एल. एस. डी. हें बुद्धि भ्रमविणारें रसायन पाजण्यांत आलें. फ्रँक ओल्सन ह्या सरकारी शास्त्रज्ञाला नोव्हेंबर १९५३ मध्यें तें असेंच न सांगतां दिलें गेलें, आणि थोड्याच दिवसांनीं, २८ नोव्हेंबर रोजीं, न्यूयॉर्कमधील एका हॉटेलच्या उंच खिडकींतून पडून त्याचा अंत झाला. घरच्या माणसांना खरी हकीकत कळावयास १९७५ साल उजाडावें लागलें. राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनीं कुटुंबियांना बोलावून क्षमा मागितली, आणि पुढें कायदेमंडळानें साडेसात लक्ष डॉलरांची भरपाई दिली. मूळ कागदपत्रांपैकीं बहुतेक १९७३ सालींच खात्याच्या तत्कालीन प्रमुखांच्या हुकमानें नष्ट करण्यांत आले होते. हिशेबाच्या दप्तरांत चुकून राहिलेलीं सुमारें वीस हजार पानें १९७७ सालीं उजेडांत आलीं, म्हणून आज आपण एवढें तरी सांगूं शकतों.

त्या प्रयोगांतून माइकसारखा हुकमी मारेकरी कधीं निर्माण झाल्याचें सिद्ध झालेलें नाहीं. तो भाग कल्पनेचा. पण ज्यांच्या मनाची मोडतोड झाली तीं माणसें मात्र कल्पनेंतलीं नव्हतीं. तेव्हां माइकची ती ओकारी, ती धडधड, तो आपल्या दुबळेपणाबद्दलचा न्यूनगंड हा त्याचा स्वभाव नसून कोणी तरी त्याच्यावर केलेला अत्याचार आहे, हें कळतांच, आपण आतांपर्यंत कशाला हंसत होतों, असा प्रश्न विचारी प्रेक्षकाला पडतो. त्याच्या मागावर सोडलेला एक मारेकरी तर मनोरुग्ण आहे. आजाऱ्याला हत्यार बनवून पाठविलें आहे, आणि तो खिदळतो म्हणून त्याचें नांवच 'खिदळणारा' ठेवलें आहे. त्याच्या खिदळण्यानें कोणाला हंसूं येईल ? मला तरी आलें नाहीं. येथें करुण रस दारांत उभा आहे, आणि चित्रपट त्याला ना आंत घेत, ना परत पाठवीत. सारा दोष एका पोरकट अधिकाऱ्याच्या माथीं मारून, आणि त्याच्याच वरिष्ठाकडून त्याला ठार करवून, खात्याची बाजू सावरली जाते; शेवटीं तर माइक व फीबी त्याच खात्याच्या नोकरींत मॅनिला शहरांत कामगिरीवर दिसतात. ज्यांनीं स्मृति पुसली त्यांच्याच पगारपत्रकावर सही ! माझी ह्या चित्रपटाविरुद्ध खरी तक्रार आहे ती हीच. रक्ताची नव्हे, गांजाचीहि नव्हे. गांजा तर येथें निरुपद्रवी आहे. त्या बिचाऱ्याचा जीव घ्यावयास जें टपलें आहे तें सरकारी कचेरींतून आलेलें आहे, आणि ही गोष्ट बोलून दाखविण्याचें धैर्य चित्रपटाला अर्ध्या वाटेवर सोडून जातें.

गांजाविषयींहि एक शब्द बोलणें अवश्य आहे, कारण सुशिक्षित कुटुंबांतून पहिला आक्षेप त्यावरच येईल. २०१२ सालीं कोलोरॅडो व वॉशिंग्टन ह्या दोन प्रांतांच्या मतदारांनीं प्रौढांना गांजा बाळगण्याची मोकळीक दिली होती. उलट ज्या वेस्ट व्हर्जिनियांत ही कथा घडते तेथें २०१५ सालीं तो गुन्हाच होता, आणि औषधापुरती परवानगी मिळण्यासहि २०१७ साल यावें लागलें. ज्या देशांत एका सरहद्दीच्या अलीकडे दुकानांत मिळणारी वस्तु पलीकडे तुरुंगांत नेते, तेथें गांजेकसाला पाहून सर्वांनीं सारखेंच हंसावें कसें ? तरीहि ह्या चित्रपटाविरुद्ध जो गलका झाला त्यांत गांजाला वाटा फारसा नव्हता.

आणि जे लोक ह्या चित्रपटाच्या बाजूनें उभे राहिले ते चुकले असेंहि मी म्हणणार नाहीं. त्यांत एक प्रसंग आहे. संध्याकाळचे दोघे बाहेर बसले आहेत. समोर एक मोटार झाडावर आदळलेली, पोलिसांची धांवपळ चाललेली. माइक तें पाहत पाहत म्हणतो, कीं ती मोटार इतका वेळ धांवत होती आणि ह्या झाडानें तिला थांबविलें. आणि मग हलकेंच विचारतो, तें झाड म्हणजे मी आणि ती मोटार म्हणजे तूं, असें तर नाहीं ना? आयझेनबर्गनें हा प्रश्न विचारतांना डोळ्यांत आणलेलें पाणी, आणि स्ट्यूअर्टनें उत्तरादाखल केवळ त्याच्याकडे पाहणें, हा अभिनय पहिल्या प्रतीचा आहे. फीबीनें त्याच्यासाठीं काय सोडलें आहे, तें आपल्याला नंतर कळतें, आणि मग हा साधा प्रश्न दुप्पट जड होतो. शेवटीं पोलिसांच्या गराड्यांत, रक्तानें माखलेला माइक गुडघा टेंकून जी आंगठी पुढें करतो, ती पाहतांना ज्यांचे डोळे ओले झाले त्यांनीं 'बी-वजा' देणाऱ्यांशीं वाद घालूं नये. आणि त्या वेळींहि ज्यांना दुकानांतील मुडदे आठवत होते त्यांनींहि ह्यांना खुळें म्हणूं नये.

शेवटच्या श्रेयनामावलीबरोबर माइकच्या त्या अंतराळवीर माकडाचीं चित्रें हलूं लागतात. तें माकड शत्रूंना झोडपतें, रंग उडतात, हातपाय तुटतात, सर्व कांहीं मूळ कथेइतकेंच दांडगें. पण तें शाईचें असल्यामुळें मनाला कोठें ओरखडा उठत नाहीं, आणि पहिल्या अर्ध्या तासांत आलें होतें तसें मोकळें हंसूं पुन्हा येतें. दिवे लागतांच उठून जाणाऱ्या मंडळींना हा भाग पाहावयास मिळाला नसेल.